हग्या चिंचांखालचे वीस गुंठे

आमच्या घरात खोटं बोललेलं चालत नसे. खोटं बोललेलं सापडलं की वडील त्या दिवशी जेवायला देत नसत, आणि आम्हा भावंडांपैकी प्रत्येकानं असा एकेक उपास काढलेला आहे. बहिणीच्या ताटातलं काढून घेतलेलं मात्र त्याच घरात चाललं, सगळ्यांच्या देखत चाललं, आणि त्याला कुणी पाप म्हटलं नाही. राग निवला की हे लिहायचं असं मी ठरवलं होतं. तो निवत नाही, म्हणून तसंच लिहिते आहे.

आमचं गाव प्रवरेच्या काठचं, देवळाली प्रवराहून सायकलीवर गाठता येईल इतकं जवळ. पाटाचं पाणी, त्यामुळे ऊस, आणि उसामुळे आलेली मिजास. वडील आणि काका एकत्र शेती करायचे. त्यांच्याहून थोरली त्यांची बहीण, माझी आत्या. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवऱ्यानं तिला मूल होत नाही म्हणून आणून सोडली आणि जाताना तिची पेटी ओट्यावर ठेवून चहासुद्धा न पिता गेला. आजोबा होते तोवर ती घरात लेकीसारखी राहिली. आजोबा गेले तेव्हा मी शाळेत होते. त्यांच्या दिवसकार्यानंतर भावांनी तिला पोटापुरते म्हणून ओढ्याकाठचे वीस गुंठे काढून दिले. काढून दिले म्हणजे तोंडी. कागद कसला करायचा, घरातल्या घरात?

त्या वीस गुंठ्यांवर सहा जुन्या चिंचा होत्या. मृगाच्या सुमाराला तिथं बगळे आणि पाणकावळे काटक्या घेऊन यायचे, आणि आषाढात त्या झाडांवर पानं कमी आणि घरटी जास्त दिसायची. सकाळी थवेच्या थवे नदीवर जायचे, मासे, बेडूक, खेकडे असं पोट भरून यायचे आणि पिलांच्या घशात ओतायचे. निम्मं घशात जाई, निम्मं खाली पडे. शिटीनं फांद्या पांढऱ्या व्हायच्या, खालची जमीन पांढरी व्हायची, आणि वास असा सुटायचा की सोयरिकीची बोलणी करायला आलेली माणसं गावात लांबच्या वाटेनं आणावी लागत. गाव त्या झाडांना हग्या चिंचा म्हणायचं. त्यातून चिंचेच्या सावलीत काही पिकत नाही अशी सगळ्यांची खात्री. थोडक्यात, ज्या तुकड्यात कुत्रं बसत नव्हतं तो बहिणीला दिला आणि चावडीवर मिशीला पीळ देऊन सांगितलं की आम्ही बहिणीला जमीन दिली.

आत्यानं कुरकूर केली नाही. दोन वर्षं ती नुसती बघत राहिली असावी, कारण तिसऱ्या वर्षापासून तिनं जे करायला सुरुवात केली ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. पावसाळ्यात त्या जमिनीत ती काही पेरायची नाही. पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन रोज सकाळी ती झाडांखाली खराटा मारायची. शिटीनं माखलेला पाला, पिसं, पिलांच्या चोचीतून निसटलेले मासे, खाली पडून मेलेलं एखादं पिलू, सगळं गोळा करून खड्ड्यात टाकायचं, त्यावर ओढ्याची माती लोटायची, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. तो खड्डा भरला की चिखलानं लिंपून टाकायची आणि पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत त्याला हात लावायची नाही. ताजं घातलं की पीक जळतं, हे ती एकदा मेथीचे दोन वाफे जाळून घेऊन शिकली होती. पाखरं गेली, थंडी पडली, की वर्षभर मुरलेला खड्डा उघडायचा, आणि मग कांदा, लसूण, वांगी, मेथी. पाटाच्या चारीचं पाणी तिच्या वाट्याला सगळ्यात शेवटी यायचं, तेवढ्यावर.

तिची वांगी मी खाल्लेली आहेत, त्यामुळे हे ऐकीव नाही. तिच्या कांद्याला आमच्या मळ्यातला कांदा लाजायचा. बाजारात बायका आधी तिच्या पाटीपुढे बसायच्या, मग बाकीच्यांकडे वळायच्या. त्या कमाईतून ती एकदा एकटी घोडेगावच्या बाजाराला गेली आणि दोन दिवस पायी चालत काळी गाय घेऊन आली. वडील म्हणाले, "आक्का, म्या आलो नसतो व्हय बरुबर?" आत्या म्हणाली, "तू आला असतास तर दावं तुज्या हातात ऱ्हायलं असतं."

पण तिची खरी मिळकत गाय नव्हती. ओढ्याच्या अलीकडे तिनं दोन खणांचं छप्पर घातलं होतं आणि तिथं तिची वेगळी चूल होती. नवऱ्यानं टाकलेल्या बाईची स्वतःची चूल म्हणजे काय, ते ज्यांनी भावजयीच्या हाताकडे बघत भाकरीची वाट पाहिली आहे त्यांनाच कळेल. आमची आई वाईट नव्हती. तरी आईच्या स्वयंपाकघरात आत्या सगळ्यांच्या मागून जेवायची आणि चटणी मागताना आवाज खाली आणायची. स्वतःच्या छपरात ती मोठ्यानं हसायची, पाहिजे तेव्हा चहा करायची, आणि कंटाळा आला की चूल पेटवायचीच नाही. ती चूल त्या वीस गुंठ्यांवर पेटत होती.

मी नगरला कॉलेजात गेले ती सत्तर साली. राहायला भिंगारला मामाकडे. मामा तिथं लष्कराच्या कचेरीत कारकून. प्राणिशास्त्राच्या वर्गात आम्ही चार मुली आणि बाकी सगळे मुलगे, आणि आमच्यापैकी कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. अशा वर्गाला सरांनी एक दिवस समुद्रपक्ष्यांविषयी सांगितलं. दूर कुठल्या तरी देशाच्या किनाऱ्यापाशी खडकाळ बेटं आहेत, तिथं पाऊस जवळजवळ पडत नाही, लाखो पक्षी समुद्रातले मासे खाऊन त्या खडकांवर शिटतात, आणि वर्षानुवर्षांच्या त्या शिटीचे माणसाच्या उंचीहून मोठे थर साचले होते. ते खणून, जहाजं भरभरून, परमुलखातल्या शेतांसाठी नेले. त्यासाठी राज्याराज्यांत भांडणं झाली. पोरं फिदीफिदी हसायला लागली तसे सर चिडले. म्हणाले, "हसू नका. पाऊस जमिनीतलं सत्त्व धुऊन नदीत नेतो, नदी ते समुद्रात नेते. सगळं खाली जातं. खालून वर परत आणणारे जगात फार थोडे आहेत, त्यात हे पक्षी आहेत."

मी हसत नव्हते. मला डोळ्यांपुढे खराटा घेतलेली आत्या दिसत होती.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्या गेल्या मी तिला हे सगळं सांगितलं. ती वांग्याची रोपं लावत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येवढं सांगायला तुमच्या सरांना पगार हाय?" मग रोप बोटानं दाबत म्हणाली, "आगं, नदी समदं घिऊन जाती. पाखरं त्यातलं थोडं माघारी आनत्यात. मला रोजच दिसतंय." मी खजील झाले आणि मला तिचा अभिमानही वाटला. हा अभिमानच पुढे नडला.

मला सगळ्यांना दाखवून द्यायचं होतं. मी म्हणजे त्या वेळी एकोणीस वर्षांची, नवं नवं शास्त्र डोक्यात गेलेली मुलगी. नगरला माती तपासून देतात हे मला कळलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एका रविवारी घरी आले, एक पिशवी आत्याच्या जमिनीतली भरली, एक वडलांच्या उसाच्या मळ्यातली, आणि एसटीनं मांडीवर घेऊन नगरला नेली. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? मी ऐटीत म्हणाले, माती. मे महिन्यात तपासणीचे कागद घेऊन घरी आले. संध्याकाळी अंगणात सगळे बसलेले असताना मी उभी राहून ते कागद वाचले. मळ्यातली माती: नत्र कमी, स्फुरद कमी. आत्याची माती: नत्र भरपूर, स्फुरद अत्यंत भरपूर. वाचून झाल्यावर मी विजयी मुद्रेनं वडलांकडे बघितलं.

वडील म्हणाले, "पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. या वेळी आणखी मोठ्यानं.

काका म्हणाले, "म्हंजी ती जमीन मुळातच भारी हाय. आपुन न बघता दिऊन बसलो." मी म्हणाले, "काका, जमीन भारी नाही, तिथं पाखरं बसतात म्हणून ती तशी झाली आहे." काका हसले. "पाखरं हगून जमीन भारी झाली असती तर गावामागची हागनदारी सोन्याची झाली असती." सगळे हसले. आत्या हसली नाही. ती उठून आपल्या छपराकडे गेली. तिला त्याच क्षणी कळलं होतं, मला कळायला वर्ष लागलं. त्या कागदात जमिनीत काय आहे ते लिहिलं होतं, ते कुठून आलं ते लिहिलं नव्हतं, आणि मी मूर्खासारखी तो कागद नको त्या माणसांपुढे वाचून दाखवला होता.

पुढच्या पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर वडलांनी विषय काढला. आमच्याकडे पाडव्याला गडी ठरतात, जमिनी खंडानं जातात, त्यामुळे मुहूर्त साधलेला होता. "आक्का, तुजं वय झालं. त्या वासात कशापायी मरतीस? माळावरचा तुकडा घे. ईस गुंठ्याच्या जागी सव्वा एकर देतो. मोकळी हवा हाय." शेजारचे दोन म्हातारे बोलावून बसवलेले होतेच. ते म्हणाले, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. माळावरचा तुकडा म्हणजे नुसता मुरूम. तिथं बाभळसुद्धा वाकडी वाढायची. मी मध्ये बोलले. म्हणाले, "आण्णा, ही फसवणूक आहे." वडलांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आईला म्हणाले, "हिला आत ने. शिकवली म्हनून लई बोलाय लागली." आणि आईनं मला दंडाला धरून आत नेलं. आतून मला आत्याचा आवाज ऐकू आला. ती फक्त "बरं" म्हणाली.

त्या "बरं"चा मला वडलांच्या बोलण्याहून जास्त संताप आला. रात्रीच्या भाकरीला मी हात लावला नाही, तर माझ्या भावाला वाटलं मी खोटं बोलताना सापडले.

यानंतर त्या दोघा भावांनी जे केलं त्याला अक्कल म्हणायची असेल तर देवानं ती वाटताना आमच्या गल्लीत यायचं राहून गेलं होतं. पहिल्यांदा त्यांनी आत्याचा लिंपलेला खड्डा उघडला. तो मुरायला दिवाळीपर्यंत वेळ होता. आत्या बांधावर येऊन सांगून गेली, "ते कच्चं हाय रं, जळंल." काकांनी बायकांचं ऐकायचं नसतं या थाटात दुसरीकडे बघितलं आणि गाड्याच्या गाड्या खत नव्या लागणीच्या उसात पसरलं. पंधरा दिवसांत कोंब करपले. तेव्हा वडील काय म्हणाले असतील? म्हणाले, "आक्कानं खड्ड्यात कायतरी टाकलंय." सख्ख्या बहिणीनं विष कालवलं, असं. आई भिंगारला आली तेव्हा हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं आणि मामाच्या घरात पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकून मारला. मामानं पोचा आलेला तांब्या उचलून जागेवर ठेवला.

मग चिंचा. त्या वीस गुंठ्यांतही ऊस लावला, आणि चिंचेची सावली उसाला नको म्हणून दोन झाडं मुळापासून तोडली आणि चार वरपासून अशी छाटली की नुसते खुंट उभे राहिले. लाकूड गुऱ्हाळाला गेलं. जूनमध्ये पाखरं चोचीत काटक्या घेऊन आली. ऊस घाण होतो, गडी पाखरांखाली कामाला जात नाहीत, म्हणून काकांनी माणसं बसवली आणि सकाळ-संध्याकाळ पत्र्याचे डबे बडवले, फटाके लावले. मी सुट्टीत घरीच होते. चार दिवस ती पाखरं वर घिरट्या घालत होती. खुंटावर बसायला बघायची, डबा वाजला की उठायची. काटकी मात्र चोचीतून सोडत नव्हती. पाचव्या दिवशी आली नाहीत. काका म्हणाले, "गेली एकदाची ब्याद."

त्या साली पाऊस पडला नाही. बहात्तरचा दुष्काळ. प्रवरा वाळूची झाली, पाटाला पाणी सुटेना, आणि तो ऊस वाळला. खरं सांगायचं तर नदीच आटली होती, तेव्हा पाखरांनी त्या वर्षी घरटी केली असती की नाही कोण जाणे. पण दुष्काळानं माझ्या वडलांना सबब दिली आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. ऊस का गेला? पावसानं. मी काही बोलले तर म्हणत, सगळ्या जिल्ह्याचं गेलं, तू आमच्या वीस गुंठ्यांचं काय घेऊन बसलीस? बघा, तोवर ते "आमचे" झाले होते.

माळावरच्या मुरमात आत्याचं काहीच आलं नाही. गाय विकावी लागली. छपरातली चूल आधी एक वेळ पेटायला लागली, मग पेटेनाशी झाली. आई तिला जेवायला बोलवायची आणि ती यायची, सगळ्यांच्या मागून बसायची. चटणी मागायचंही तिनं सोडून दिलं. असे दोन महिने गेले आणि एक दिवस ती आलीच नाही. रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. बागाईतदाराची थोरली बहीण हातात हातोडा घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेली येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघितली. वडील तावातावानं तिथं गेले. म्हणाले, "आक्का, घरी चल. आमची इज्जत घालवतीस." ती मान वर न करता म्हणाली, "तुमच्या ताटात जेवून माजी ऱ्हाती व्हय?" हे मला तिथं कामाला असलेल्या एका बाईनं सांगितलं. मी त्या बाईकडून ते तीन वेळा वदवून घेतलं, इतकं मला बरं वाटलं.

त्र्याहत्तर साली पाऊस झाला. पाट वाहिला. आता सबब उरली नव्हती. त्या वीस गुंठ्यांत काकांनी कांदा केला, आत्यासारखा यावा म्हणून. युरियाची पोती ओतली. पात झकास आली, हिरवीगार, आणि खाली कांदा आला तो लिंबाएवढा. तसला कांदा गावात कुणाच्याही वावरात येत होता. काका बांधावर उभे राहून म्हणाले, "ह्या जमिनीला झालं तरी काय?" मी शेजारीच उभी होते. मी मोठ्यानं हसले. ते हसू चांगलं नव्हतं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आता मुद्द्याचं. चौऱ्याहत्तरच्या सुरुवातीला दोघा भावांना वेगळं व्हायचं होतं. वाटणीची नोंद करायला गेले तर तलाठी म्हणाला, तुमच्या वडलांची वारस म्हणून बहिणीचं नाव लागलेलं आहे, ते काढायला तिचा जबाब आणि अंगठा पाहिजे. आपलं नाव आजोबांच्या सगळ्या जमिनीवर आहे, हे आत्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. सांगतील कशाला? आमच्याकडे बहिणीनं हक्क सोडायचा असतो. भाऊ साडी-चोळी करतो, बहीण अंगठा उठवते, आणि माहेरची वाट उघडी राहिली म्हणून ती डोळे पुसते. ज्यांनी ही रीत काढली ते सगळे भाऊ असणार.

चावडीत सगळे जमले. मी त्या दिवशी मुद्दाम नगरहून आले होते. वडील उभे राहिले आणि चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आक्का, मागचं इसरून जा. तुजे ईस गुंठे तुला माघारी दिले." लोकांनी माना डोलावल्या. चिंचा तोडून, पाखरं हाकलून, जमीन निकामी ठरल्यावर ती परत देणाऱ्या माणसाला त्या चावडीत मोठ्या मनाचा म्हणत होते. साडीसुद्धा आणलेली होती, हिरवी. तलाठ्यानं कागद पुढे केला, शाईची गादी सरकवली, आणि वडलांनीच आत्याचा अंगठा धरून शाईत टेकवला.

आत्यानं हात मागे घेतला. माझ्याकडे वळून म्हणाली, "तू वाच. अंगनात वाचलं हुतंस तसं. मोठ्यानं."

मी वाचलं. वडिलार्जित मिळकतीवरचा सर्व हक्क मी राजीखुशीने माझ्या भावांच्या नावे सोडत आहे, यापुढे माझा किंवा माझ्या वारसांचा कसलाही संबंध नाही. एवढंच होतं.

"ह्यात माजे ईस गुंठे कुठं हायेत?" आत्यानं विचारलं.

"ते तोंडी दिलेत की आक्का," काका म्हणाले. "घरातल्या घरात कागद कशाला?"

"तोंडी तर मागंबी दिलं हुतं."

तलाठी पेनाचं टोपण उघड-झाक करत बसला. वडलांनी आवाज चढवला, "भावावर इस्वास न्हाई तुजा?" आत्यानं शाईचा अंगठा आपल्या पदराला पुसला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, शाई पुरती निघेपर्यंत, आणि म्हणाली, "न्हाई." साडी तिथंच ठेवून ती चावडीच्या पायऱ्या उतरली. मी तिच्या मागून गेले. मागे वडील माझ्या नावानं ओरडत होते, ते मला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं.

एवढं झाल्यावर चावडीत माघारी दिलेले वीस गुंठे पुन्हा काढून घ्यायची त्यांची हिंमत झाली नाही. नाव सगळ्या जमिनीवर राहिलं, वाटणी अडकली ती अडकलीच. आत्याच्या छपरातली चूल पुन्हा पेटायला लागली. तिला बाजरी व्हायची, थोडा कांदा, पोट भरेल इतपत. पण घरानं तिला वाळीत टाकलं. आईला तिच्याकडे जायची बंदी केली. वाटेत समोर आली तर वडील रस्ता बदलायचे. मला म्हणाले, "तू तिला फितवलंस." मी म्हणाले, "नाही आण्णा. तुम्ही फितवलंत. मी फक्त वाचलं." त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतंच राहिलं.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी दुपारीच आत्याकडे गेले. तिनं सकाळपासून अंगण सारवून ठेवलं होतं, पाट मांडून त्याभोवती रांगोळी घातली होती, एकाऐवजी दोन पाट. करंज्या केल्या होत्या. तिनं दोघा भावांना निरोप पाठवला होता, हे मला तिथं गेल्यावर कळलं. छपरातून आमच्या घराचं दार दिसत असे. दुपार टळली. काका दारात येऊन पानाची पिंक टाकून आत गेले. वडील ओट्यावर बसून होते. शंभर पावलांचं अंतर, मी नंतर मोजलं.

दिवस मावळला तशी आत्या उठली. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका आमच्याकडे भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. बीजेची कोर फार वेळ थांबत नाही. तिनं निरांजन लावलं, सुपारी-अक्षता ताटात घेतल्या, आणि भावाच्या ओट्याकडे पाठ करून पश्चिमेला तोंड केलं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, त्या ओट्यावर जाऊन त्या माणसाला गदागदा हलवावं इतका. मी म्हणाले, "आत्या, तुला भाऊ आहेत गं. दोन आहेत."

तिनं ओवाळणं पुरं केलं. अक्षता आभाळाकडे टाकल्या.

"ह्यो बरा," ती म्हणाली. "ह्यो अंगठा मागत न्हाई."